वरच्या फाटकाचं कुलूप

बाबा,

वरच्या फाटकाला आता कुलूप लागलं आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, कुणी लावलं, आणि मग, का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोंगरावर तुम्ही हॉस्पिटलातल्या मित्रांबरोबर मोटरसायकल फिरवायचात, त्याच्या मुलीने लावलं. शेत आता तीच बघते. दुसऱ्या उत्तरासाठी मात्र मला दोन आठवडे कागद घेऊन बसावं लागलं आहे.

कार्डिफच्या हॉस्पिटलात आठवडाभर लोकांचं रक्त तपासणारा माणूस शनिवारी चिखलात लोळून घरी येतो, याचं आईला शेवटपर्यंत कोडं होतं. म्हशीलासुद्धा थंडीत चिखल नको असतो, म्हणायची. पण तुमचा एक नेम होता. शेतकऱ्याने कायमची परवानगी दिलेली असूनही तुम्ही दर वेळी अंगणात गाडी बंद करायचात, हेल्मेट काढायचात आणि स्वयंपाकघराचं दार वाजवून विचारायचात, आज जाऊ का? मित्र हसायचे. तुम्ही म्हणायचात, जमीन त्याची आहे, आपण पाहुणे. दिवाळीत चकल्यांचा डबा न्यायचात आणि म्हातारा त्या चहात बुडवून खायचा, हे बघून मला कसंसंच व्हायचं. मी त्याच्या मुलीबरोबर चुलीजवळ बसलेली असायचे. आम्ही एकाच वयाच्या.

मी बारा-तेरा वर्षांची असेन तेव्हाची ती गोष्ट. आभाळ खाली आलेलं, बर्फ पडणार हे सगळ्यांना कळत होतं. तुम्ही सगळ्यांत शेवटी उतरताय. वरचं फाटक सताड उघडं दिसतं. तुम्ही उतरता, ते नीट लावता, कडी घालता आणि घरी येताना मला अभिमानाने सांगता, की कुणीतरी उघडंच टाकलं होतं. आपल्या घरातलं वळण ते. दार उघडं राहिलं की तुम्ही ओरडायचात, घर आहे की धर्मशाळा? पण म्हाताऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं. बर्फ आलं की मेंढ्या आपण होऊन आडोशाला खाली येतात, त्यांना वाट असावी म्हणून. इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. तुम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मेंढ्या आल्या, बंद फाटकाला टेकून उभ्या राहिल्या आणि तिथेच बर्फाखाली गुदमरून मेल्या.

हॉस्पिटलात कुणाकडून तरी तुमच्या कानावर आलं. फाटक कुणी लावलं हे कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही घरी आलात, जेवला नाहीत, मला गाडीत घातलंत. रस्ता कसाबसा उघडला होता. तुम्ही टायसकट त्या स्वयंपाकघरात उभे राहिलात आणि म्हणालात, ते मी लावलं. म्हाताऱ्याने कोपऱ्यातलं फावडं उचलून तुमच्या हातात दिलं. आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. तुम्ही दोघं खणत होतात आणि एकेक मेंढी ओढून बाहेर काढत होतात. येताना मी म्हणाले, नसतं सांगितलं तर त्यांना कळलंच नसतं. तुम्ही गाडी कडेला घेतलीत. "कळलं नसतं, म्हणून तर सांगावं लागतं," म्हणालात. इतक्या हळू आवाजात तुम्ही मला कधीच रागावला नव्हतात.

म्हाताऱ्याने तुमची परवानगी काढली नाही. पुढे तुमची राखसुद्धा त्यानेच वर, काटेरी झाडाखाली पसरू दिली. नदीत नको, चिखलात टाका, असं तुम्हीच सांगून ठेवलं होतंत.

तुमची निळी मोटरसायकल मी विकली नाही, तुमच्या नातवाला दिली. त्याचे मित्र नकाशावर वाटेची रेघ दिसली की घुसतात, दार वाजवणं त्यांच्या गावी नाही. गेल्या महिन्यात बर्फ पडलं आणि हे सगळे त्या डोंगरावर गेले. बंद फाटक उघडलं आणि उघडंच टाकून गेले. गाभण मेंढ्या संध्याकाळी रस्त्यावर उतरल्या. समोरून लॉरी आली. बऱ्याच जागीच गेल्या. एकीची कंबर मोडली होती. तिला म्हाताऱ्याच्या मुलीने स्वतःच्या हाताने गोळी घातली. पोटात कोकरं होती.

हे तिने मला फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्यातली एक गाडी तुझ्या बाबांच्या गाडीसारखी खोकत होती." मी काय म्हणाले ते सांगते, थोडं थांबा.

मी पोराला विचारलं. त्याने गाडी धुऊन ठेवलेली होती, तेव्हा विचारायचं फारसं उरलंच नव्हतं.

"माझ्या मागे अजून दोघं होते, आई. मला वाटलं ते गेट बंद करतील. ओके, माझा चूक आहे. पण इट्स जस्ट अ फील्ड. तिथे कोणी राहत नाही."

"तुझे आजोबा राहतात," मी म्हणाले.

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "पोलिस केस झाला तर माझा जॉब जाईल. तू नको सांगू ना. प्लीज."

तुमच्यासारखेच कान आहेत त्याचे, घाबरला की लाल होतात. मला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याला पाठीशी घालावंसंही वाटलं. तुम्ही चुकलात तेव्हा तुमचं तुम्हीच निस्तरलंत. पोटच्या पोराचं नाव आपल्या तोंडाने सांगायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही, बाबा. हे मी भांडण म्हणूनच लिहिते आहे.

तर त्या दिवशी फोनवर मी म्हणाले, तसल्या जुन्या गाड्या अजून बऱ्याच असतील. ती म्हणाली, "हो, असतील." मग म्हणाली, की कुलूप सगळ्यांसाठी आहे, पण तुझ्यासाठी नाही. तुझी किल्ली खांबाजवळच्या दगडाखाली ठेवते.

काल तुमची तिथी होती. मी गेले. दगडाखाली किल्ली होती, भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळलेली. वर तुमचं झाड दिसत होतं, खाली तिच्या धुराड्यातून धूर येत होता. मी दोन्हीकडे गेले नाही. थोडा वेळ उभी राहिले, किल्ली होती तशी गुंडाळून दगडाखाली सरकवली आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवून परत आले.

तुम्हाला एवढं सगळं लिहिता आलं. तिला सांगायचं एकच वाक्य आहे, ते अजून सांगितलेलं नाही.