तिसरा सिनेमा तुझा

नाशिक रोड,
१२ जानेवारी २०२५

प्रिय संघर्ष,
जय भीम.

आईची तब्येत बरी आहे, काठी घेऊन अंगणात फिरते. फोनवर तू मध्येच ‘ताई, मीटिंग आहे’ म्हणतोस, म्हणून लिहितेय.

एवढ्यात सिनेमे बरेच पाहिले. एक भुताचा. त्यात भुतापेक्षा नायिकेच्या मेकअपचीच भीती वाटली. दुसरा नुसत्या मारामारीचा, मध्यंतरातच उठून आले. पॉपकॉर्न तेवढे चांगले होते.

तिसरा तुझा. गोदाकाठची सकाळ छान दाखवलीस. गाणीही बरी आहेत.

आईला घेऊन गेले होते. द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली तर तिचा जीव वरखाली. सुरुवातीला पडद्यावर दिग्दर्शक म्हणून तुझं नाव येतं, ते तिला बघायचं होतं.

नायकाच्या आईला लकवा होतो. तो मुंबईचं काम सोडून येतो, तिला भरवतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलतो. लोक रडत होते. आपल्या आईचं हे सगळं मी करायचे आणि तुला फोनवर सांगायचे, संघर्ष. तू एका दुपारी आलास आणि दारातूनच म्हणालास, “ताई, मला आईला असं बघवत नाही गं.” चहासुद्धा न घेता गेलास.

तेही सोडलं असतं. पण तो नायक प्रेयसीला म्हणतो, ‘तू माझ्यासाठी थांबू नकोस.’ हे मी निफाडच्या दीपकला म्हटलं होतं. त्याचं लग्न झालं त्या दिवशी रडत रडत फक्त तुला सांगितलं होतं. त्यावर थिएटरात टाळ्या पडल्या.

सिनेमाच्या शेवटी तू आईला मारून टाकलंस. शेजारी बसून ती स्वतःची चिता बघत होती. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, “यात तू कुठंय गं?” मी रिक्षाला हात केला.

वर मुलाखतीत सांगतोस, ही माझी स्वतःची गोष्ट आहे, आईची सेवा मीच केली.

पुढच्या रविवारी इथे तुझा सत्कार आहे. आईला स्टेजवर बसवणार आहेत, असं मंडळवाले सांगून गेले. मी नको म्हणत होते. आई म्हणाली, “मी जाणार. माईक मागणार.”

ती हळू बोलते, पण आता शब्द स्पष्ट येतात. मी तिला अडवणार नाही. तू ये किंवा येऊ नकोस.

तुझी सख्खी बहीण,
चैताली