सरांच्या एक्स-रेतला उजेड

सर, मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसतेय. मीच, दुसरी कुणी नाही. चित्रकलेच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारी, दहावीनंतर सायन्सचं नाव काढलं तरी विषय बदलणारी, आर्ट्स घेऊन बी.ए. झालेली तुमची विद्यार्थिनी. तुम्ही गेलात त्यालाही आता इतकी वर्षं झाली की माझ्या डोक्यात पांढरे केस दिसायला लागलेत. येत्या रविवारी परीक्षा. हॉल तिकिटावरचा माझा फोटो बघून आई म्हणाली, "अगं, यात तू परीक्षा देणारी वाटतच नाहीस, घेणारी वाटतेस." आम्ही दोघी डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात पोट धरून हसलो. आणि हसता हसता वाटलं, हे सरांना सांगायला हवं. म्हणून कढईतल्या भाजीवर झाकण ठेवून ओट्यापाशीच लिहायला बसलेय.

हे खूळ डोक्यात शिरलं कुठून, ते आधी सांगते. कोपरीत एका एक्स-रे आणि सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर मी कामाला आहे. लोक माझ्या हातातून पाकीट घेतात आणि तिथेच उघडून विचारतात, "मॅडम, काय निघालं हो?" माझं उत्तर ठरलेलं, "तुमच्या डॉक्टरांना दाखवा." दोन वर्षांपूर्वी एक आजी आल्या होत्या. त्यांनी स्वतःच्याच छातीचा एक्स-रे उलटा धरला होता. मी तो सुलटा करून दिला तर म्हणाल्या, "म्हंजे तुला कळतं की यातलं. मग सांग ना बाय." मला काहीच कळत नव्हतं. वर कुठलं आणि खाली कुठलं, एवढंच कळत होतं. त्या गेल्या, पण त्यांचा प्रश्न काही जाईना. मग मी चौकशी केली. आर्ट्सवाल्यांनाही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन बारावी पुन्हा देता येते, आणि प्रवेश परीक्षेला वयाची वरची अट आता नाही, हे कळलं तेव्हा मी काउंटरवर चक्क टाळी वाजवली. जे दार बंद आहे असं समजून मी इतकी वर्षं बाहेर बसले होते, ते नुसतं लोटलेलं होतं हो. बारावी मुक्त शाळेतून दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाले. आता राहिली ही मोठी परीक्षा.

तुमचा पहिला ओरडा अजून माझ्या कानात आहे. ठाकुर्लीची आपली शाळा, टेबलावर निळी चादर, तिच्यावर शिपाईमामांची चहाची किटली. माझ्या जागेवरून किटलीची तोटी दिसतच नव्हती, पलीकडच्या बाजूला होती. मी ती काढून मोकळी. तुम्ही मागे येऊन उभे राहता. "ही तोटी तुला इथून दिसते?" मी म्हणते, "नाही सर, पण किटलीला ती असतेच ना." "असते ते मलाही ठाऊक आहे. दिसते का, ते विचारतोय. जे दिसतंय तेच काढ. जिथे दिसत नाही तिथे कागद कोरा राहू दे, तो काही तुला खाणार नाही." आणि तुम्ही स्वतःच्या रबराने माझी तोटी पुसून टाकलीत. मला असा राग आला होता! आणि तुमचा तो दुसरा प्रश्न. शेडिंग सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारायचात, "उजेड कुठून येतोय?" उत्तर मिळाल्याशिवाय पेन्सिल टेकवू द्यायचा नाहीत. आख्खा वर्ग एका सुरात खिडकीकडे बोट दाखवायचा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला मला ए ग्रेड मिळाली तेव्हा तुम्ही तुमची अर्धी झिजलेली फोर-बी पेन्सिल दिलीत. "नवी देत नाही. हिला सवय आहे," म्हणालात. ती आता अंगठ्याएवढी उरलीये.

त्याच पेन्सिलीने माझी फजिती केली ती ऐका. माझा क्लास खोपटला आहे, एस.टी. डेपोच्या समोरच्या गल्लीत. पहिल्या दिवशी शेजारच्या बाकावरची मुलगी मला म्हणाली, "आंटी, पॅरेंट्स मीटिंग सॅटर्डेला आहे, आज नाही." मी पुस्तक उघडून बसले तेव्हा तिने जीभ चावली. आता तीच मला फिजिक्सची गणितं समजावते आणि आंटीवरून ताईवर आलीये. तर, बायोलॉजीचं पहिलं प्रॅक्टिकल. कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि सर, काय सांगू! विटांच्या भिंतीसारख्या ओळीने पेशी, आणि मधोमध एक वाटोळं, काळ्या काठाचं, आतून चमकणारं काहीतरी. मी लगेच तुमची फोर-बी बाहेर काढली. दिसेल तसं काढलं. काठावर गडद, आत हलकं, मधे कोरा कागद सोडून चमक. आमच्या मॅडम माझ्याहून लहान आहेत. त्या वाकून बघतात आणि विचारतात, "ताई, हे काय काढलंय?" मी ऐटीत म्हणते, "न्यूक्लियस." "अहो ताई, हवेचा बुडबुडा आहे तो! वरची काच धपकन टाकलीत ना, हवा अडकली. आणि बायोलॉजीत शेडिंग करायचं नाही हं, मार्क जातात." शेजारीण ओरडली, "पण कसला भारी बुडबुडा काढलाय, यार! ताई, मी फोटो काढू?" सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना मनात तेच घोळत होतं. तुम्ही सांगितलं तसंच तर मी केलं होतं. जे दिसलं ते काढलं. मात्र काय दिसतंय ते मला माहीत नव्हतं.

आणि मग कल्याणचं ते हॉस्पिटल आठवलं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्हाला भेटायला आले तर तुम्ही उशीला टेकून बसलेले, खोकून खोकून थकलेले, पण डोळे तेच. मला बघताच म्हणालात, "बरी आलीस. ते पाकीट काढ. माझा एक्स-रे बघ, असा चारकोल आपल्या शाळेत कुणाला जमला नाही." मी तो खिडकीवर धरला. आपण दोघे बघतच राहिलो. बरगड्यांच्या त्या पुसट कमानी, मधलं करडं हृदय, दोन्हीकडचा खोल काळा रंग. कुठे म्हणून रेघ नव्हती, सगळं शेडिंगच. मग तुम्ही सवयीने विचारलंत, "आता सांग, यात उजेड कुठून येतोय?" मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मला सांगता येईना. तुम्हालाही येईना. "शोधून ठेव, पुढच्या वेळी सांग," म्हणालात. पुढची वेळ काही आली नाही.

सर, उत्तर सापडलं! गेल्या डिसेंबरात फिजिक्सच्या तासाला एक्स-रे शिकवत होते, आणि मी बाकावरून उठून जवळजवळ किंचाळलेच, "आरपार!" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. उजेड डावीकडून नाही, उजवीकडून नाही, खिडकीतून तर नाहीच. तो माणसाच्या आरपार जातो. हाडं त्याला अडवतात म्हणून पांढरी दिसतात. फुप्फुसात हवा असते, ती अडवत नाही, म्हणून ती काळी. जिथे हवा शिरायची थांबते, तिथे पांढरं होतं. त्या दिवशी डेपोसमोर उभी राहून मी दोन वडापाव खाल्ले आणि एकटीच हसत होते. मग डोळे भरून आले, कारण तुमच्या एक्स-रेत उजव्या बाजूला, वरती, एक पांढरा डाग होता.

रविवारच्या पेपरात चित्र एकही काढायचं नाही. नुसते गोल रंगवायचे आहेत, तेही काळ्या पेनाने. उत्तर चुकलं की मार्क कापतात, म्हणून येत नाही ते कोरं सोडायचं. क्लासमधल्या हुशार पोरांना ते अजून जमत नाही, त्यांचा हात शिवशिवतो. माझी तोटी तुम्ही केव्हाच पुसून ठेवलीये. तरी भीती वाटते हो. जागा थोड्या, मुलं अफाट, आणि माझं फिजिक्स अजून लंगडतंय. नाही मिळाली सीट तर पुढच्या वर्षी परत बसेन. लग्नाचं विचारणं आईने सोडून दिलंय. हल्ली म्हणते, "तू डॉक्टर होईपर्यंत मला जिवंत ठेव म्हणजे झालं." ते काम मी अंगावर घेतलंय. आणि काउंटरपलीकडच्या त्या आजींना मला एकदा नीट सांगायचंय, काय निघालं ते.

भाजी शिजली. हा कागद घडी करून बायोलॉजीच्या पुस्तकात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? एक मात्र राहिलं. त्या दिवशी खिडकीपाशी मी त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवून म्हटलं होतं, "सर, सगळ्यात छान हे आलंय." तुम्ही खूश होऊन मान डोलावलीत. तो डाग म्हणजे काय ते आता मला कळतं. आणि कळूनसुद्धा, सर, डोळे मिटले की तो मला अजूनही छानच दिसतो.