परीक्षेआधीचे मंगळवार

स्टिल क्रीक, केंटकी
३ मार्च

ती. डेल्फाआत्यास कॉरीनचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. मी नापास झाले. पाचशे लागतात, मला चारशे अठ्ठ्याहत्तर मिळाले. अकरा वर्षं नर्स म्हणून काढली, नोकरी सांभाळून वरचं शिक्षण पुरं केलं, आणि दीडशे प्रश्नांनी दारातच अडवलं. ही परीक्षा झाल्याशिवाय मला स्वतः रोगी तपासून औषध लिहून देता येणार नाही. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर जूनअखेर निवृत्त होताहेत. तोवर मी पास झाले नाही, तर दवाखान्याला कुलूप लागेल आणि इथल्या माणसांना साध्या खोकल्यासाठी पन्नास मैल जावं लागेल.

आता १२ जूनची तारीख मिळाली आहे. तू अडतीस वर्षं वॉर्ड चालवलास, पोरींच्या पाळ्या लावल्यास. मला अभ्यासाचं वेळापत्रक आखून दे. बाबांना हल्ली दिवसभर ऑक्सिजनची नळी लागते. भावाबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगितलं.

माझ्यावरची माया नापास झाल्यामुळे कमी करू नकोस.

तुझी
कॉरीन

हॅझर्ड
९ मार्च

चि. कॉरीनला अनेक आशीर्वाद.

बावीस गुणांसाठी एवढं रडगाणं? लहानपणापासून तुझी खोड एकच. उत्तर बरोबर येतं, मग तू शहाणपणा करून ते बदलतेस. पहिलं लिहिलेलं उत्तर खोडायचं नाही, हा पहिला नियम.

सोमवारी हृदय, मंगळवारी फुप्फुसं, बुधवारी साखर आणि थायरॉइड, गुरुवारी बायका आणि लेकरं, शुक्रवारी औषधं. रोज तीन तास. शनिवारी शंभर सराव प्रश्न. रविवारी चर्च आणि झोप. कागद फ्रिजवर लाव.

खुशाली कळवत जा. म्हातारीला टपालाची वाट बघायला आवडते.

तुझी
डेल्फाआत्या

स्टिल क्रीक
३० मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझा कागद फ्रिजवर आहे आणि येता-जाता मला वाकुल्या दाखवतो. सोमवारी हृदय होतं. त्या दिवशी बदलीची नर्स आली नाही, मी सोळा तास उभी. मंगळवारी फुप्फुसं उघडली, तर बाबांची खरी फुप्फुसं आडवी आली. खाणीतली धूळ काही वेळापत्रक बघून छातीत चढत नाही. बुधवारी ते न्हाणीघरात पडले. तीन आठवड्यांत तीनशे प्रश्न व्हायला हवे होते, झाले एकशे दहा. परवा पुस्तक भिंतीवर फेकलं. बाबा म्हणाले, भिंतीचा काय दोष.

आत्या, मला वेळापत्रक नको, माणूस हवं. मंगळवारी आणि गुरुवारी मला सुट्टी असते. तेवढे दोन दिवस कुणी बाबांजवळ बसलं, तर मी वाचनालयात जाऊन वाचीन. आजीची सफरचंदाची बाग त्यांनी तुला न विचारता खाणवाल्यांना विकली, तू आठ वर्षं या घराची पायरी चढली नाहीस, हे सगळं माहीत असून विचारते आहे. येशील?

रागावून लिहिलं आहे. रागावलेल्या भाचीलाही आपलीच म्हण.

कॉरीन

हॅझर्ड
३ एप्रिल

चि. कॉरीनला आशीर्वाद.

दुसरं काहीही माग. त्या घरात मी येणार नाही. तुझ्या चर्चमधल्या बायकांना विचार.

आत्या

स्टिल क्रीक
८ एप्रिल

डेल्फाताईस ऑर्विलचा नमस्कार.

तुझं पत्र टेबलावर उघडं पडलं होतं, मी वाचलं. पोरीला सांगू नकोस. मी तिला म्हटलं होतं, मला जूनपर्यंत वृद्धाश्रमात ठेव. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. अगदी तुझ्यावर गेली आहे.

बाग विकली तेव्हा माझी खाणीतली नोकरी गेली होती आणि मला ते तुझ्यापुढे कबूल करायचं नव्हतं. तुला विचारायला हवं होतं. आई आपल्या दोघांची होती. हे आठ वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर दम कमी लागला असता.

माझ्यासाठी येऊ नकोस. तिच्यासाठी ये. दार उघडंच असतं, कारण उठून उघडायला मला जमत नाही.

ऑर्विल

स्टिल क्रीक
१३ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल प्रश्न संपले आणि पडद्यावर एकच शब्द आला. पास. मी खुर्चीतून उठलेच नाही. देखरेख करणाऱ्या बाई पाणी घेऊन आल्या. सत्त्याण्णवाव्या प्रश्नाचं उत्तर बदलायला हात शिवशिवत होता, तुझी आठवण काढून आवरला.

घरी येऊन बाबांना सांगितलं.  ते म्हणाले, डेल्फाला कळव, तिला फोनवर ऐकू यायचं नाही. लिहायला बसले तर दाराशी येऊन उभे, नळी ओढत. बीन्समध्ये तू मीठ जास्त घालतेस, दोन महिने दर मंगळवारी-गुरुवारी तुझी कटकट ऐकून कान किटले, हेही लिही म्हणाले. लिहिलं.

मग इकडे तिकडे बघत म्हणाले, आता अभ्यास संपला. मंगळवारी ती कशाला येईल?

मी म्हटलं, विचारून बघते. उत्तर त्यांच्या नावाने धाड.

तुझी
कॉरीन