चाचा तुम्हाला सांगणार नाहीत

अण्णा, तुमच्या कंपनीतले चाचा गेल्या आठवड्यात गेले. हडपसरच्या कब्रस्तानात मूठभर माती टाकताना वाटलं, ही मूठ खरं तर तुमची.

तुम्ही दोघं एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मशीनवर. रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळी तुम्ही त्यांचंही काम ओढायचात, आणि महिनाभर त्यांच्यासमोर चहा घ्यायचा नाहीत. बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची, डबा त्यांच्याकडे पोचवायचं काम माझं. एकदा शाळेत काहीबाही ऐकून आलो आणि म्हणालो, ते आपल्यातले नाहीत, मी जाणार नाही. तुम्ही हात उगारला नाहीत. "रोज पंचशील म्हणतोस ना? त्यात 'आपल्यातले' कुठं आहे, दाखव," एवढंच म्हणालात. मी डबा उचलला. पुढे तुम्हाला खांदा द्यायला चाचा सगळ्यांत आधी उभे राहिले.

मागच्या वर्षी धायरीत माझ्या खालचा फ्लॅट विकायला निघाला. चाचांच्या मुलाला मीच बोलावलं. घर सगळ्यांना आवडलं. आपली खाट कुठल्या खिडकीशी लावायची, तेही चाचांनी ठरवून टाकलं. मग सोसायटीची सभा झाली. कुणी आवाज चढवला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, माणसं चांगलीच असतील. पण इथे सगळे एकसारखे आहेत, ते तसंच राहिलेलं बरं." मी म्हणालो, मग मी कुठे तुमच्यासारखा आहे? माझ्याही घरात बुद्धाची मूर्ती आहे. "तुमचं वेगळं हो," ते हसून म्हणाले. मी बोलत राहिलो, तुमच्याविषयी, चाचांविषयी. लोक मोबाइल पाहू लागले. दोन-चार दिवसांत मालकाचा निरोप आला, फ्लॅट विकायचा विचार बदललाय.

हे सांगायला गेलो, तर चाचांनी आधी मला जेवायला बसवलं. मग म्हणाले, राहू दे, मला तरी आता कुठे जिने चढवतात. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. काढला तो अगदी शेवटी, अंथरुणाला खिळल्यावर. माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही लोक वरचं काही मानत नाही. तरी तुझा बाप भेटलाच, तर त्या घराचं मी त्याला सांगणार नाही. उगाच वाईट वाटेल त्याला."

ते सांगणार नाहीत, म्हणून मी लिहायला बसलो. पण हे कागदावर ठेवूनही तुमच्यापर्यंत पोचू नये असंच वाटतंय. कारण मी अजून त्याच इमारतीत राहतो, अण्णा. सेक्रेटरी जिन्यात भेटतात, नमस्कार करतात. मीही करतो.