वासराची झडप

दि. ४ मार्च

चि. काचवाली हीस आजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका लिहून घेताहेत, म्हणून अक्षर सरळ आहे. बोलणं माझंच, वाकडं. तुझ्या हृदयाची झडप आखडलीय आणि बदलावी लागणार, हे तुझ्या आईकडून कळलं. डॉक्टरांनी म्हणे दोन तऱ्हेच्या झडपा दाखवून निवड तुझ्यावर सोपवली. चपला घ्यायला अख्खी दुपार लावणारी तू, तुला हे कुठलं जमायला? त्यातली एक जन्मभर टिकते म्हणे. तीच घे. उत्तर लगेच धाड, लोभ उशिरा आलेला मला चालत नाही.

तुझी आजी

दि. ९ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

टिकणारी झडप कार्बनची. ती रक्ताला परकी वाटते आणि परक्या वस्तूवर रक्त गोठतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. फ्रेमच्या दुकानात काच कापताना बोट चिरलं तर रक्त लवकर थांबणार नाही. तेही मी सांभाळीन, पण पुढे दिवस राहिले तर ती गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते.

दुसरी झडप वासराच्या हृदयावरच्या पापुद्र्याची. ती औषधात अशी मुरवतात की शरीर तिला फारसं हटकत नाही. कायमची गोळी बहुधा लागत नाही. मात्र नळाच्या तोटीवर चढतो तसा तिच्यावर हळूहळू चुन्याचा थर चढतो, तरुण शरीरात जरा लवकरच. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा छाती उघडायची.

मला बाळ हवंय, आजी. मी वासराची घेणार. हे ‘तुझं तू ठरव’ म्हणतात, आई रडतेय. तू तरी हो म्हण. मंगळवारी आत नेतील. तुझ्या लोभाची आत्ताच जास्त गरज आहे.

तुझी नात

दि. १२ मार्च

चि. काचवाली हीस आशीर्वाद, आहेत नाहीत तेवढे सगळे.

पत्र मी तीनदा वाचून घेतलं. कुठेतरी टिकणारी घेते असं लिहिलेलं सापडेल म्हणून. शिंपीकाका म्हणाले, आजी, चौथ्यांदाही हेच निघेल.

अजून न झालेल्या पोरासाठी तू स्वतःला दोनदा चिरून घेणार. माझं पोर तर होऊन तीस वर्षं झाली, ते तूच आहेस. मी काय करायचं, सांग. काल देवालाही नको नको ते बोलले.

तरी हो म्हणते. म्हणजे मनात नाहीच आहे, पण शिंपीकाकांना हो लिहायला सांगितलंय. झडप बसली की हंबरू नकोस म्हणजे झालं.

मंगळवारी मी दाराबाहेर बसलेली असेन. दुसऱ्या खेपेला नसेन, म्हणून तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते. आत जाण्याआधी तुझ्या पोराकडून एवढं वाचून घे. घाबरू नकोस. तुझ्या वाटचं सगळं भिणं मी आधीच भिऊन ठेवलंय.

लोभ तितकी वर्षं पुरेल इतका धाडते आहे.

तुझी आजी