आमच्या युनिटातली टोपणनावं

३ मार्च, पोंभुर्णा
सुट्टीचा तिसरा दिवस. बिष्टचा फोन. हेलिकॉप्टरात माझ्या शेजारच्या सीटवर बसतो तो. युनिटला पन्नास वर्षं होतात, स्मरणिका काढायचीय. वैमानिकांची टोपणनावं कुठून आली, यावर दोन पानं लिही म्हणाला. हो म्हटलं. नाही म्हणायलाही ताकद लागते.

५ मार्च
बसलो लिहायला. मालवाहू विमानवाले ते 'ट्रकी'. चिडवायला पडलेलं नाव, पण पठ्ठे तेच मिरवतात! जमिनीवरचे अधिकारी ते 'पेंग्विन'. पहिल्या महायुद्धात तोकड्या पंखांचं एक शिकाऊ विमान होतं, नुसतं जमिनीवर पळायचं. त्याला पेंग्विन म्हणत. तेच नाव न उडणाऱ्या माणसांना चिकटलं की नुसता पक्षी बघून दिलं, कोणी ठामपणे सांगत नाही.

बाकी ज्याचं त्याचं नाव चुकीतून पडतं. चूक झाली की संध्याकाळी मेसमध्ये बारसं. सगळे हसतात, चूक फिटते. बिष्ट एकदा भलत्याच हेलिकॉप्टरात जाऊन बसला, तेव्हापासून 'किराएदार'.

मी 'महुआ'. पहिल्यांदा एकट्याने उडायच्या दिवशी आईने दिलेली वाळलेली मोहाची फुलं खिशात होती. शिक्षकांना वास आला. वाटलं, हा पिऊन आलाय! खाली उतरवलं, तपासणी केली. आमच्याकडे पोरं ही फुलं खात खात शाळेत जातात, हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

लिहिताना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

८ मार्च
काही लिहिलं नाही. जेवलो, झोपलो.

११ मार्च
सकाळी बाबा पेपर वाचत होते. "अजय, त्या चैतू कोतवालाले घरी बसवलं म्हन्ते. धूरच नाई केला त्यानं. मास्तर गेला ना त्याच्यापायी! तू त होता ना वरतं? दिसला काय तुले?"

"नाई," म्हणालो. चहा संपवला.

इथे तरी लिहितो. गेल्या एप्रिलात आम्ही गडचिरोलीच्या आतल्या भागात निवडणुकीच्या ड्युटीवर होतो. मतदान केंद्रावर श्रावण मास्तरांच्या छातीत कळ आली. त्यांना आणायला आम्हाला पाठवलं. गावच्या कोतवालाने पाला पेटवून धुराची खूण करायची, आम्ही तिथे उतरायचं — एवढंच होतं.

बिष्टने बोट दाखवलं. "वो धुआँ?"

मी पाहिला. हसलोसुद्धा! म्हणालो, मोहाचा आहे. फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात या दिवसांत. पुढे चल.

बाहेरचा कोणीही असता तर तिथेच उतरला असता. मी इथला, मला सगळं माहीत! वीस मिनिटं घिरट्या घातल्या. शेवटी शाळेचं पटांगण दिसलं म्हणून उतरलो. तोवर पाला विझला होता. मास्तर गेले होते.

चौकशीत लिहून दिलं, धूर दिसला नाही. बिष्टनेही सही केली. त्या संध्याकाळी मेसमध्ये कोणी बारसं केलं नाही.

१२ मार्च
मोहाला कुचे लागलेत, कळ्यांचे घोसच्या घोस. आई म्हणते, औंदा चांगला येईल.

१४ मार्च
बिष्टला चैतूचं सांगितलं. म्हणाला, "छोड़ ना यार. दोनों जाएँगे." लेख कुठवर आला, हेही विचारलं त्याने!

लेख झालाय. पाठवत नाही. उद्या चैतूकडे जातो आणि सांगून टाकतो — धूर तू केला होतास, मी पाहिला होता. मग वर कळवतो, जे व्हायचं ते होवो. लाज वाटतेय. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटतंय.

१५ मार्च
गेलो. चैतू अंगणात दोर वळत होता. नाव सांगितलं, त्या दिवशी हेलिकॉप्टर मीच आणलं होतं म्हणालो, तसा उठला आणि हात जोडले. "साहेब, पाला लय ओला होता. धूर कमी पडला माह्याकडून. तुमाले काऊन दिसन? काल तसंच लिहून देलो हापिसात, सही केलो. माफ करा."

त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी प्यायलो.

म्हणालो, "असू द्या."