लव्हाळ्यातली एक गाठ

प्रिय रोमाती,

अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे. शेजारणीकडून लिहून घेतलं असतं, तर एव्हाना अख्ख्या नरिवाला कळलं असतं.

तू पोर्ट ऑफ स्पेनच्या कापडदुकानात उभी राहायला लागलीस, त्याला तीन आठवडे झाले. इकडे पाणी वाढलंय. बुश बुशच्या रानातली लाल माकडं पहाटे घसा फोडतात, आणि आपल्या वाटाड्यांचा पुढारी बूडू रोज काठावर माझ्या कढईतल्या गरम फुलोऱ्या फुकट खाऊन मलाच शहाणपण शिकवतो. "आजी, पोर वाईट नाही गं. पण दलदलीत माणूस विसरून येणं म्हणजे काय!" रविवारी देवळाच्या ओट्यावर सभा आहे. वाटाड्यांतून तुझं नाव काढायचंय, कायमचं. "ठरलंय म्हणजे, तसं अजून विचारायचंय," म्हणतो. हनुवटीला चटणी लागलेली.

आत जाताना प्रत्येकानं आपल्या हातानं लव्हाळ्याला गाठ मारायची, परतल्यावर आपणच सोडायची, वाटाड्यानं सगळ्यांत शेवटी. माझा सासरा खेकडे धरायला जायचा तेव्हापासूनचं हे. माणसं मोजली की दलदल त्यातलं एक ठेवून घेते, म्हणून आपण गाठी मोजतो. त्या दिवशी तूही गाठीच मोजल्यास. पाऊस कोसळत होता, सगळे पाहुणे पिवळ्या रेनकोटात, निम्मे गाडीत चढलेले. एकटी तुझी गाठ उरली होती. ती सोडायला तू वाकलीस आणि पाहुण्यांतली जोसेफबाई ओरडली, "माझा नवरा कुठाय?"

म्हातारा पोपटांचे फोटो काढत मागे राहिला होता. तू काठीही न घेता आत पळालीस. पाणी बघता बघता चढत होतं. माझा हात धरून जोसेफबाई येशूला हाका मारत होती, बूडू हनुमानाला. माझ्या कढईतला अख्खा घाणा जळाला, मला वाससुद्धा आला नाही. तासाभरानं तू त्याला छातीभर पाण्यातून ओढत आणलंस. तुझ्या पायांना जळवा, आणि वर सगळे तुझ्यावरच तुटून पडले. मी गप्प राहिले.

का, ते सांगायलाच हे लिहितेय. तू पाहुण्यांना गाडीत चढवत होतीस, तेव्हा दोन गाठी होत्या. तुझी आणि आणखी एक. एक रेनकोटवाला गाडीत बसून केळं खात होता. मला वाटलं, ही त्याचीच, शहरातल्यांची कंबर कुठे वाकते! मी सोडून टाकली. दुसऱ्याची गाठ सोडायची नाही, हे तू पाच वर्षांची असताना मीच तुझा कान पिळून शिकवलं होतं. रविवारी सभेत उभी राहून मी हे सांगणार आहे, बूडूचं तोंड भरलेलं असलं तरी. तू यायचं की नाही, ते तू बघ.

तुझी गाठ मात्र त्या गडबडीत राहून गेली. लव्हाळा पिवळा पडलाय, गाठ अजून घट्ट आहे. रोज बघते. हात लावत नाही. दुसऱ्याच्या गाठीला एकदा लावून पाहिलाय.

तुझीच,
आजी